समान वाटणी आणि घसरणारं चाक

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं गाडीच्या पोटातल्या गिअरशी काय काम? काम आहे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या वेगवान गाडीत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल कोणतं बसवावं, हा प्रश्न वरून गॅरेजातला वाटतो. पण त्याच्या मुळाशी वाटणीचा प्रश्न आहे, आणि वाटणीवर आमच्या विषयात अडीच हजार वर्षं भांडण चालू आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. अशा गाडीत डिफरन्शियल एकटं निवडता येत नाही. ज्या चाकांना जोर द्यायचा तीच चाकं आपल्या हातातल्या स्टिअरिंगला बांधलेली असतात. तिथे दिलेला निवाडा थेट तळहातावर येतो. हे ज्यांनी विसरून गाड्या बनवल्या त्यांच्या गाड्या हात ओढून घेत राहिल्या, आणि ज्यांनी लक्षात ठेवलं त्यांच्या गाड्यांचं नाव आजही घेतलं जातं.

आता थोडं गणित. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. किती जास्त? दोन चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि गाडी काटकोनात वळली, असं धरू. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वळण मोठं असो वा छोटं, हा फरक तेवढाच राहतो. किती अंशांत वळलो आणि चाकांत किती अंतर आहे, एवढ्यावरच तो ठरतो. (पुढची चाकं तिरकी होतात म्हणून त्यांचा आकडा थोडा बदलतो, पण मुद्दा तोच.) बैलगाडीला याचं काही वाटत नाही. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात, ओढायचं काम बैल करतात. ओढायचं काम चाकालाच दिलं की पंचाईत सुरू होते. दोन्ही चाकं एका दांड्याला पक्की बांधली तर वळणावर एकाला फरफटत जावं लागतं, आणि एकाच चाकाला जोर दिला तर गाडी एका अंगाला ओढते.

यावरचा उपाय किती जुना? चीनमध्ये तिसऱ्या शतकात मा जून नावाच्या कारागिराने दक्षिणेकडे बोट दाखवत राहणारा रथ बनवला अशी नोंद आहे. त्यात डिफरन्शियलसारखे गिअर असावेत असा तर्क केला जातो आणि तसे नमुने आधुनिक काळात बनवलेही गेले, पण मूळ यंत्र हाती नाही. ग्रीसच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रातही डिफरन्शियल असल्याचं डेरेक डी सोला प्राइस या अभ्यासकाने मांडलं होतं, पुढच्या संशोधनाने ते बाजूला ठेवलं. प्राचीनांच्या पदरात आपल्या वस्तू टाकण्याची हौस आपल्याकडेच आहे असं समजू नका. खात्रीने सांगता येतं ते १८२०च्या दशकाच्या अखेरीपासून. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ते तीनचाकी सायकलला लावलं. सांगतात असं, की स्टार्ली आणि त्यांचा मुलगा शेजारी बसून एकच तीनचाकी मारत होते, प्रत्येकाकडे एकेक चाक. मुलाच्या पायात जोर जास्त. गाडी वळली आणि वडील रस्त्याकडेच्या काट्याकुट्यात गेले. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण अडचण अगदी खरी आहे: दोन चाकांना असमान जोर मिळाला की गाडी वळते. हे वाक्य लक्षात असू द्या, सव्वाशे वर्षांनी ते परत भेटणार आहे.

साधं डिफरन्शियल काय करतं? वेगाच्या बाबतीत ते उदार आहे: एक चाक हळू फिरलं तर दुसरं तेवढंच जलद फिरू देतं. जोराच्या, म्हणजे टॉर्कच्या बाबतीत मात्र ते कडक समतावादी आहे. दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क. आणि खोच इथेच आहे. एक चाक चिखलात असेल आणि त्याला ३०० न्यूटन मीटरपेक्षा जास्त टॉर्क जमिनीवर टेकवता येत नसेल, तर कोरड्या डांबरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही ३००च मिळतात. त्याची ताकद हजाराची असली तरी. सगळ्यात दुबळ्याला जेवढं झेपेल तेवढंच सगळ्यांना. ॲरिस्टॉटलने न्याय्य वाटणी आणि सारखी वाटणी यांत फरक केला होता. ज्याची जशी पात्रता तसा वाटा, असं त्याचं प्रमाणाचं सूत्र. साध्या डिफरन्शियलला हे सूत्र ठाऊक नाही.

आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात भिंगरीसारखं फिरतं आणि दुसरं ढिम्म. मग चालक टाचेखालचा डिफ-लॉक दाबतो, दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. बाहेर आल्यावर पाय काढायचा, नाहीतर वळता येणार नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल म्हणजे हा पाय कधी आणि किती दाबायचा ते यंत्रावर सोपवणं. पुढचा सगळा इतिहास या 'कधी' आणि 'किती'चा आहे.

हे काम पहिल्यांदा गंभीरपणे झालं ते १९३०च्या दशकातल्या जर्मनीत. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचे आराखडे फर्डिनांड पोर्शे यांचे. सोळा सिलिंडर, इंजिन चालकाच्या मागे. ताशी १६० किलोमीटरच्या वेगातही एक मागचं चाक जागच्या जागी फिरू लागे. पोर्शेंनी झेडएफ या गिअरच्या कंपनीला उपाय शोधायला सांगितलं आणि तिने आपोआप आवळणारं डिफरन्शियल दिलं. अमेरिकेत ते १९५६-५७च्या सुमारास स्टुडबेकर, पॅकार्ड, शेव्हरोले यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. शेव्हरोलेने ठेवलेलं 'पॉझिट्रॅक्शन' हे नाव तिकडे इतकं रुळलं की १९९२च्या 'माय कझिन व्हिनी' या चित्रपटात खुनाचा खटला त्यावर फिरतो: रस्त्यावर दोन्ही टायरांचे सारखे ओरखडे उमटलेत, तेव्हा ती गाडी साध्या डिफरन्शियलची असूच शकत नाही. न्यायालयात यंत्रशास्त्राची इतकी चोख साक्ष आम्ही दुसऱ्या चित्रपटात पाहिलेली नाही.

पण या सगळ्या गाड्या मागच्या चाकांच्या. गाडी जोरात निघते तेव्हा नाक उचलते, भार मागे सरकतो आणि मागच्या चाकांची पकड वाढते. पुढच्या चाकांचं नशीब उलटं. जोर हवा असतो नेमकं तेव्हाच त्यांच्यावरचा भार कमी होतो. त्यात वळण आलं की आतल्या बाजूचं पुढचं चाक आणखी हलकं होतं. आणि तिसरी गोष्ट, या चाकांना वळायचंही असतं. टायरची पकड म्हणजे एकच थैली. ओढण्यात खर्च केली तर वळण्याला उरत नाही.

१९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्सिओं अव्हांपासून पुढच्या चाकांच्या गाड्या युरोपात रुळल्या. ऑगस्ट १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, तेलही एकच. चार माणसं बसतील एवढी जागा वाचवणं हा हेतू, शर्यत जिंकणं नव्हे. पण जॉन कूपर यांनी तिच्यातला चपळपणा ओळखला आणि कूपर मिनी १९६४, ६५ आणि ६७ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. (६६ मध्येही ती पहिली आली होती, पण दिव्यांच्या नियमावरून बाद झाली. तो वाद वेगळ्या व्याख्यानाचा.)

त्या काळच्या स्कँडिनेव्हियन चालकांची एक युक्ती इथे नोंदवायला हवी. साब चालवणारे एरिक कार्लसन आणि त्यांच्यानंतरचे फिनिश चालक उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून ठेवत आणि त्याच वेळी डाव्या पायाने ब्रेक मारत. मुख्य हेतू गाडीचं शेपूट फिरवून नाक वळणात घालण्याचा. पण साध्या डिफरन्शियलमध्ये आणखी एक गोष्ट घडते. सुसाट फिरणाऱ्या हलक्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो, आणि समान वाटणीच्याच नियमाने दुसऱ्या चाकाच्या वाट्याचा टॉर्क वाढतो. चालकाचा डावा पाय म्हणजे एका अर्थाने लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच. यंत्राकडे नव्हतं ते माणूस पुरवत होता.

आता थोडं थांबून एक तत्त्व नीट समजून घेऊ, कारण डिफरन्शियल निवडताना बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. घर्षणाने काम करणारं कोणतंही लिमिटेड-स्लिप टॉर्क हलवतं ते जलद चाकाकडून हळू चाकाकडे. दिशा पक्की. आता वळणात शिरताना पाहा. अजून जोर दिलेला नाही, दोन्ही चाकं नीट लोळताहेत, तेव्हा जलद कोणतं? बाहेरचं. म्हणजे या क्षणी डिफरन्शियल आवळलं तर टॉर्क आतल्या चाकाकडे जातो आणि गाडी वळायला नकार देते. मग जोर दिला, आतलं चाक घसरू लागलं, बाहेरच्यापेक्षा जलद झालं. आता आवळलं तर टॉर्क बाहेरच्या, भार असलेल्या चाकाकडे जातो. ते चाक गाडीचं नाक वळणाच्या आत ढकलतं. तेच यंत्र, तीच गाडी, तेच वळण. पहिल्या क्षणी शत्रू आणि दुसऱ्या क्षणी मित्र. तेव्हा 'किती टक्के लॉक होतं' हा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा एकटा काही सांगत नाही. कोणत्या क्षणी होतं ते विचारा.

या कसोटीवर एकेक प्रकार पाहू.

शर्यतवाल्यांचा लाडका प्रकार प्लेटचा. क्लचसारख्या पातळ प्लेटांची चळत. मधला पिन दोन रिंगांच्या उतरत्या खाचेत बसलेला. इंजिनाचा जोर आला की पिन उतारावर चढू पाहतो, रिंगा फाकतात, प्लेटा दाबल्या जातात. जोर जास्त तेवढी पकड जास्त. उताराचा कोन बदलून स्वभाव बदलता येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबताना एक कोन व सोडताना दुसरा असंही करता येतं. फक्त दाबताना आवळणाऱ्याला 'वन-वे' म्हणतात, दोन्ही वेळा सारखं आवळणाऱ्याला 'टू-वे'. शिवाय स्प्रिंगने प्लेटांवर थोडा दाब कायम ठेवलेला असतो, तो प्रीलोड. प्रीलोडमुळे चाक हवेत उचललं गेलं तरी दुसऱ्याला काही ना काही मिळत राहतं. हा या प्रकाराचा मोठा गुण. पण तोच प्रीलोड वळणात शिरताना, म्हणजे आपण पाहिलेल्या त्या चुकीच्या क्षणी, काम करत राहतो. पार्किंगमध्ये फुल्ल स्टिअरिंग फिरवलं की कटकट आवाज येतो. प्लेटा झिजतात, तेल वारंवार बदलावं लागतं, आणि दर काही हंगामांनी सगळं उघडून पुन्हा बांधावं लागतं. शर्यतीच्या संघाला त्याचं काही नाही, त्यांच्याकडे मेकॅनिक असतो.

आणि शर्यतीत त्याचं सोनं होतं. १९९९ मध्ये सित्रोएन झसारा किट कार या पुढच्या चाकांच्या गाडीने कॅटालोनिया आणि कॉर्सिका अशा जागतिक अजिंक्यपदाच्या दोन डांबरी रॅली चारचाकी ओढीच्या गाड्यांना मागे टाकून सरळ जिंकल्या. चालक फिलीप बुगाल्स्की. पुढच्या चाकांची गाडी ताकद पेलू शकत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे.

दुसरा प्रकार व्हिस्कस. बंद डब्यात सिलिकॉनचा दाट द्रव आणि भोकं पाडलेल्या चकत्या, एक आड एक दोन बाजूंना जोडलेल्या. वेगात फरक पडला की द्रव विरोध करतो. हॅरी फर्ग्युसन, ज्यांचं नाव ट्रॅक्टरवर आपल्या शिवारात आजही दिसतं, त्यांच्या चारचाकी ओढीच्या संशोधनाचा वारसा टोनी रोल्ट यांनी पुढे नेला आणि व्हिस्कस कपलिंग गाड्यांपर्यंत आणलं. हे रोल्ट १९५३ची ल मां शर्यत जिंकलेले आणि महायुद्धात कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैदी असताना माळ्यावर पळून जाण्यासाठी ग्लायडर बांधण्याची कल्पना काढणारे. अशा माणसाने द्रवाला कामाला लावलं यात नवल नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बोमध्ये पुढच्या चाकांसाठी व्हिस्कस डिफरन्शियल आलं. मऊ, शांत, बिनतक्रार. दोष एकच, पण मूळचा: आधी घसरण, मग उपाय. चाक फिरून गेल्यावर त्याला जाग येते. आणि फार तापलं तर द्रव फुगून चकत्या एकमेकींना चिकटतात आणि ते एकदम घट्ट होतं, तेही तुम्ही वळणाच्या मध्यात असताना. आमच्या मते नव्या गाडीसाठी हा पर्याय इतिहासजमा झाला.

तिसरा प्रकार गिअरचा, आणि इथे जरा रेंगाळू. अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लीसमन यांना १९५८ मध्ये एका डिफरन्शियलचं पेटंट मिळालं. त्यात प्लेटा नाहीत, द्रव नाही, नुसते तिरप्या दातांचे गिअर. पुढे ते टॉर्सन नावाने प्रसिद्ध झालं. इंग्लंडच्या क्वेफ कंपनीने त्याच तत्त्वावर समांतर हेलिकल गिअरांची रचना केली. तिरपे दात एकमेकांवर जोर देताना गिअरला बाजूला ढकलतात, गिअर घराच्या भिंतीवर घासतात, आणि ते घर्षण हाच ब्रेक. जोर नसेल तर घर्षण नाही. म्हणजे वळणात शिरताना, पाय सैल असताना, हे जवळपास साध्या डिफरन्शियलसारखं मोकळं राहतं, आणि पाय दाबला की घसरण पक्की होण्याआधीच वाटणी बदलू लागतं. आपली कसोटी आठवा: चुकीच्या क्षणी गप्प, योग्य क्षणी हजर.

वाटणीचं सूत्र गुणाकाराचं. प्रमाण दोनास एक असेल तर दुबळं चाक ३०० पेलतं तेव्हा सबळ चाकाला ६०० पर्यंत मिळू शकतात. साध्यात एकूण ६०० होते, आता ९००. ॲरिस्टॉटल खूश झाला असता. पण गुणाकारात एक खड्डा असतो. दुबळं चाक हवेत गेलं, त्याची क्षमता शून्य झाली, तर शून्याची दुप्पट शून्यच. उंच कर्बवर आतलं चाक उचलणाऱ्या गाडीत हेलिकल नेमकं हवं तेव्हा हात वर करतं.

होंडाने १९९५ च्या इंटेग्रा टाइप आरमध्ये हेलिकल बसवलं. १.८ लिटर, टर्बो नाही, जपानी आवृत्तीत २०० अश्वशक्ती, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन. पुढच्या चाकांच्या उत्तम गाड्यांची यादी कुणीही केली तरी ती वरच्या ओळींत असते. जोर टर्बोसारखा धक्क्याने येत नसे, त्यामुळे हातांना कळे पण हात ओढले जात नसत. पुढची नोंद त्याहून बोलकी आहे. २००१ नंतरची सिव्हिक टाइप आर इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कारखान्यात बने, युरोपसाठीही आणि जपानसाठीही. जपानला जाणाऱ्या गाडीत हेलिकल डिफरन्शियल, युरोपच्या गाडीत साधं. एकाच छपराखाली एकाच प्रश्नाची दोन उत्तरं.

आता स्टार्लींकडे परत. दोन चाकांना असमान जोर मिळाला की गाडी वळते. पुढच्या चाकांच्या गाडीत आणखी एक गोष्ट होते, स्टिअरिंगच वळतं. कारण असं. स्टिअरिंग फिरवताना चाक एका काल्पनिक रेषेभोवती फिरतं. नेहमीच्या स्ट्रट सस्पेन्शनमध्ये ही रेषा वर आत झुकलेली असते, त्यामुळे चाकाच्या मध्याच्या उंचीवर ती चाकापासून बरीच आत पडते. इंजिनाचा जोर चाकाला पुढे ढकलतो तेव्हा या अंतराची तरफ होते आणि चाक वळू पाहतं. डावं चाक एकीकडे, उजवं उलटीकडे. जुवाखाली दोन बैल सारखेच ओढत असतील तर जू सरळ. साध्या डिफरन्शियलची कडक समता इथे मात्र उपकारक होती: दोन्ही ओढी सारख्या, स्टिअरिंग शांत. लिमिटेड-स्लिप म्हणजे मुद्दाम केलेली असमानता. एक बैल जास्त ओढतो, जू फिरतं, आणि फिरणारं जू तुमच्या हातात असतं.

२००२ मध्ये फोर्डने फोकस आरएस आणली. २१५ अश्वशक्ती, टर्बो, क्वेफचं डिफरन्शियल, पुढचं सस्पेन्शन स्ट्रटचं. गुळगुळीत सर्किटवर तिने टीकाकारांना जिंकलं आणि उंचसखल, एका बाजूला उतार असलेल्या इंग्लिश गावरस्त्यांवर त्याच टीकाकारांनी तिला शिव्या घातल्या. ती रस्त्याचा प्रत्येक उतार हुंगत जाते, हात सोडायची सोय नाही. पुष्कळांनी दोष डिफरन्शियलवर टाकला. रेनोने मात्र उलट्या टोकाने सुरुवात केली होती. २००४ च्या मेगान आरएसमध्ये त्यांनी आधी चाकाची बैठक बदलली. वळण्याचं काम स्ट्रटपासून वेगळं काढलं, म्हणजे वळण्याची रेषा चाकाच्या मध्याजवळ आली आणि तरफ आखूड झाली. डिफरन्शियल साधंच ठेवलं. दोन वर्षांनी, बैठक सिद्ध झाल्यावर, आर२६ या आवृत्तीत लिमिटेड-स्लिप घातलं आणि ती गाडी त्या पिढीचा मापदंड ठरली. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये क्वेफच ठेवलं, पण 'रेव्होनकल' नावाने तशीच वेगळी बैठक दिली. अश्वशक्ती २१५ वरून ३०५ झाली आणि हात ओढण्याची तक्रार मात्र कमी झाली. आमचा सुरुवातीचा दावा या दोन तारखांवर उभा आहे. डिफरन्शियल त्याच जातीचं, ताकद नव्वदाने जास्त, आणि गाडी जास्त शहाणी. फरक पडला तो स्टिअरिंगच्या रेषेने.

इलेक्ट्रॉनिक प्रकाराबद्दल थोडक्यात. फोक्सवॅगनने २००९ च्या गोल्फ जीटीआयमध्ये एक्सडीएस आणलं. डिफरन्शियल साधंच, आतल्या हलक्या चाकाला संगणक हळूच ब्रेक लावतो. कार्लसनचा डावा पाय, फक्त आता एकेका चाकापुरता. स्वस्त, कारण ब्रेक आणि संगणक गाडीत असतातच. पण हिशोब पाहा. आतलं चाक जमिनीवर ३०० पेलतं, बाहेरच्याला ६०० द्यायचे आहेत. वाटणी समानच, म्हणून आतल्यालाही ६०० द्यावे लागतात आणि त्यातले ३०० ब्रेकमध्ये जाळावे लागतात. जमिनीवर पोचतात ९००, इंजिन बाजूने मात्र १२०० मोजावे लागतात. हेलिकलला ९०० पुरत होते. घाटात एखाददुसऱ्या वळणाला हे चालून जातं, ट्रॅकवर दहा फेऱ्यांनी ब्रेक तापतात. याची जाणीव त्यांनाही होती. २०१३ च्या गोल्फ जीटीआय परफॉर्मन्समध्ये त्यांनी संगणकाच्या हुकुमाने तेलाच्या दाबाने आवळणारा खरा क्लच घातला. २०२० मध्ये आपल्याकडे मोजक्या संख्येने आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये हीच रचना होती. हिचा गुण म्हणजे ती वाट पाहत नाही. स्टिअरिंग किती वळलंय, पाय किती दाबलाय हे पाहून आधीच तयार राहते. दोष म्हणजे तिचा स्वभाव आज्ञावलीत असतो. पाना घेऊन बसणाऱ्याला तो बदलता येत नाही.

न्युरबर्गरिंगच्या घड्याळाने निकाल लागतो का? २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक क्लचवाल्या गोल्फ क्लबस्पोर्ट एसने आधी ७ मिनिटं ४९ सेकंद आणि मग ७:४७ वेळ दिली. २०१७ मध्ये हेलिकलवाल्या सिव्हिक टाइप आरने ७:४३.८. २०१९ मध्ये टॉर्सनवाल्या मेगान ट्रॉफी-आरने ७:४०.१. कुणी म्हणेल, गिअर जिंकले. पण मेगानमधून मागची सीट काढली होती आणि टायर जवळपास शर्यतीचे होते. वीस किलोमीटरच्या फेरीत या सात-नऊ सेकंदांतले डिफरन्शियलचे किती, हे वेगळं काढता येत नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे, तीच वाचतो. "माझ्याकडे पुढच्या चाकांची टर्बो हॅचबॅक आहे. रोज ऑफिस, सुटीला घाट, वर्षातून चार-पाच वेळा कोइमतूर किंवा चेन्नईचा ट्रॅक. प्लेटचं घेऊ की हेलिकल?"

हेलिकल घ्या. तुमची गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस रस्त्यावर आहे आणि त्यातले शंभर पावसाळ्याचे. घाटातल्या ओल्या वळणात ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आवळून राहणारं डिफरन्शियल नाक सरळ कठड्याकडे नेतं, आणि ते सुधारायला तिथे जागा नसते. प्लेटचं घ्यायचंच ठरलं तर वन-वे घ्या, प्रीलोड कमीत कमी ठेवायला सांगा आणि पुन्हा बांधणीचा खर्च आजच बाजूला काढा. पण त्याआधी, काहीही विकत घेण्याआधी, दोन गोष्टी करा. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासा, कारण साध्या डिफरन्शियलने झाकलेला ढिलेपणा लिमिटेड-स्लिप पहिल्या दिवशी चव्हाट्यावर आणतं. आणि पुढचे दोन्ही टायर एकाच बनावटीचे, सारख्या झिजेचे ठेवा. व्यास वेगळे असले तर डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणच भासतं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ आहे: हेलिकलचं चाक उचललं गेल्यावरचं शून्य कसं भरायचं? त्याचं उत्तर अमेरिकन लष्कराच्या हमवी गाडीत आहे. तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये टॉर्सन असतं. एक चाक हवेत गेलं की चालकाने ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक हलकेच दाबायचा, असं शिकवलं जातं. हवेतल्या चाकाला ब्रेकचा १०० न्यूटन मीटरचा विरोध मिळाला की दुसऱ्याला २०० मिळू शकतात. गुणाकाराला काहीतरी सापडतं. तुमच्या गाडीत ब्रेकवर चालणारी एक्सडीएससारखी व्यवस्था कारखान्यातूनच आली असेल तर हेलिकल बसवल्यावर ती बंद करू नका. ती हेच काम करते, आणि आता तिला पूर्वीच्या मानाने थोडंच करावं लागेल, म्हणून ब्रेकही कमी तापतील.